एका डॉलरची गोळी

(शहापूरला झालेल्या युवक शिबिरातल्या भाषणाचा मजकूर. बोलण्यातलं बोलणं तसंच ठेवलंय.)



विषय काय घेणार म्हणून शिबिरवाल्यांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं, सिप्ला कंपनीचे युसूफ हमीद निवृत्त झाले, त्या माणसाचा हिशेब मांडायचाय. तर एक पोरगा फटकन म्हणाला, "दादा, भांडवलदार घरी बसला तर आपल्याला काय? निरोप समारंभाला आपल्याला बोलावलं होतं का?"

नव्हतं बोलावलं. फेब्रुवारी २०१३ मध्ये त्यांनी जाहीर केलं की बावन्न वर्षं कंपनीत काढली, आता रोजचा कारभार सोडतो. चेअरमन म्हणून नाव राहिलं, कामाची खुर्ची सोडली. पेपरात कौतुकाचे रकाने आले. त्याच वर्षी 'फायर इन द ब्लड' नावाचा सिनेमा आला, त्यात ते होते. गरिबांचा वाली, औषधांचा रॉबिनहूड, असलं बरंच काय काय छापून आलं. मी तेव्हा कल्याणला मेडिकलच्या काउंटरवर उभा होतो, आजही उभाच आहे. गोळ्यांच्या पट्ट्या कात्रीनं कापून दोन-दोन, चार-चार देणारा माणूस मी. पूर्ण पट्टी घ्यायला ज्यांच्याकडं पैसे नसतात ती माणसं रोज माझ्यासमोर येतात. आणि आमच्या घरातला एक माणूस, औषध बाजारात आलेलं असताना, औषधावाचून गेला. हिशेब मांडायला मला एवढा अधिकार पुरे आहे.

आधी पाण्याचं बोलतो. शहापुरात उभं राहायचं आणि पाण्याचं बोलायचं नाही असं होत नाही. तानसा धरण १८९२ चं. मग वैतरणा, मग भातसा. आमच्या डोंगराचं पाणी मोठाल्या पायपांतून मुंबईला जातं आणि त्या पायपाच्या अंगानं राहणाऱ्या पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये टँकर येतो. मुरबाडवाल्यांनो, तुम्ही हसू नका. तुमच्या काळू नदीवर पण त्यांचा डोळा आहेच. तर मुंबई सेंट्रलला बेलासिस रोडवर १९३५ साली ख्वाजा अब्दुल हमीद या माणसानं कंपनी काढली. केमिकल, इंडस्ट्रियल अँड फार्मास्युटिकल लॅबोरेटरीज. तिचं आखूड नाव सिप्ला. १९३७ साली माल निघायला लागला. औषध बनवायला पाणी लागतं, भांडी-यंत्रं धुवायला त्याच्या कितीतरी पट लागतं. त्या नळाला पाणी कुठलं? मुंबईच्या नळाला जे येतं ते. म्हणजे आपलं. वाटा मागायला मी आलेलो नाही, पण हिशेबाच्या वहीत पहिली ओळ ही लिहा.

बाप अलीगढचा मुसलमान, जर्मनीत रसायनशास्त्र शिकलेला. आई लिथुआनियाची ज्यू. पोरगा १९३६ साली तिकडंच विल्नियसला जन्मला आणि मुंबईत वाढला. १९३९ साली गांधी कारखाना बघून गेले. पोरगा केंब्रिजला शिकला, नोबेलवाल्या टॉडसाहेबाच्या हाताखाली पीएच.डी. केली, १९६० साली बापाच्या कंपनीत रुजू झाला. आपल्यातल्या कुणाला असा बाप नव्हता. ज्याच्या घरी गांधी येऊन जातात त्याला परवान्यासाठी रांगेत उभं राहायला लागत नाही, दिल्लीचं दार त्याला उघडंच असतं. हे मी जळून बोलत नाही. वहीतली दुसरी ओळ म्हणून बोलतोय.

आता कायद्याचं. हे जरा नीट ऐका, सगळी मेख इथंच आहे. इंग्रजांनी १९११ साली पेटंटचा कायदा केला. त्यात औषध या वस्तूवरच मालकी मिळायची. म्हणजे परदेशी कंपनीनं एखादं औषध शोधलं की ते भारतात दुसऱ्या कुणी, दुसऱ्या कुठल्याही रीतीनं बनवायचं नाही. स्वातंत्र्य मिळालं तरी कायदा तोच. साठच्या सुमाराला अमेरिकेच्या सिनेटमध्ये केफॉव्हर नावाच्या माणसाच्या समितीनं चौकशी केली, तर जगात औषधं सगळ्यात महाग असलेल्या देशांत भारताचं नाव निघालं. ज्या देशात माणूस अर्धपोटी झोपतो तिथं औषध सगळ्यात महाग!

मग १९७० चा पेटंट कायदा आला, १९७२ पासून लागू झाला. त्यानं औषधाच्या वस्तूवरची मालकी काढून टाकली, फक्त कृतीवर हक्क ठेवला, तोही जास्तीत जास्त सात वर्षं. सोपं करून सांगतो. सुकटीच्या चटणीवर कुणाची मालकी नाही. तू पाट्यावर वाटतोस ती रीत तुझी. मी मिक्सरला लावून केली तर तू मला कोर्टात खेचायचं नाही. बस्स. एवढ्या एका वाक्याच्या जोरावर भारतातला औषधधंदा उभा राहिला. हा कायदा व्हावा म्हणून जे देशी कारखानदार दिल्लीत खेटे घालत होते त्यांत थोरले हमीद होते, धाकटेही होते. स्वतःचा धंदा वाढावा म्हणून? होय, त्यासाठीच. पण त्यात आपलाही फायदा झाला. भांडवलदाराचा स्वार्थ आणि गरिबाची गरज कधीमधी एका रस्त्यानं जातात. किती लांब जातात, हे बघायचं असतं.

१९७६ साली युसूफ हमीद मॅनेजिंग डायरेक्टर झाले. हा माणूस नुसता गल्ल्यावर बसणारा शेठ नव्हता, हे मान्य करायला लागेल. केमिस्ट होता. कच्च्या रसायनापासून औषध कसं बांधायचं हे त्याला स्वतःला कळायचं.

पण एकट्यानं केलं का? इथं मात्र छापून येणाऱ्या कौतुकात एक गोष्ट गिळतात. आपल्या झोपडीच्या दारात सदाफुली असते ना, जांभळी-पांढरी? तिच्या पानात कॅन्सरवरची दोन औषधं आहेत, व्हिन्ब्लास्टिन आणि व्हिन्क्रिस्टिन. रक्ताच्या कॅन्सरच्या लहान पोरांना देतात. १९८४ च्या सुमाराला सिप्लानं ती देशात बनवली, पण पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेबरोबर. तशीच एड्सवरची पहिली गोळी झिडोव्ह्युडिन. ती स्वस्तात बनवायची रीत हैदराबादच्या सरकारी प्रयोगशाळेत डॉक्टर रामा राव यांनी बसवली आणि सिप्लाला दिली. पुणे काय, हैदराबाद काय, दोन्ही प्रयोगशाळा सरकारी. सरकारी म्हणजे कुणाच्या पैशाच्या? काडेपेटी घेतली तरी कर भरणारे आपण. ज्ञान लोकांच्या पैशानं तयार झालं आणि नाव, नफा कंपनीच्या खात्यावर गेला. हमीद रामा रावांचं नाव घ्यायचे, लपवायचे नाहीत. आरती करणारे मात्र घेत नाहीत.

ती झिडोव्ह्युडिन १९९३ साली बाजारात आली. परदेशापेक्षा कितीतरी स्वस्त, दिवसाला दोन डॉलरच्या आत. हमीद सरकारकडं गेले, म्हणाले घ्या. सरकार म्हणालं, आमच्याकडं पैसे रोग शोधायला आणि रोखायला आहेत, उपचाराला नाहीत. म्हणजे रक्त तपासून सांगणार की बाबा, तू मरणार आहेस. गोळी नाही देणार. शेवटी दोन लाख कॅप्सूल मुदत संपली म्हणून फेकून द्याव्या लागल्या, असं हमीदांनीच पुढं सांगितलं. दोन लाख कॅप्सूल, दोस्तांनो. इथं कसाऱ्यापर्यंत हायवेच्या ढाब्यांवर माणसं वाळत होती आणि तिकडं औषध कचऱ्यात जात होतं.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी तीन औषधं एकत्र दिली की एड्सचा माणूस जगतो हे सिद्ध झालं होतं. जगतो म्हणजे उठतो, कामाला जातो, पोरांची लग्नं बघतो. किंमत माणशी वर्षाला दहा ते पंधरा हजार डॉलर. आफ्रिकेत माणसं पाचोळ्यासारखी जात होती. सप्टेंबर २००० मध्ये ब्रुसेल्सला युरोपच्या मोठ्या साहेबांपुढं हमीद उभे राहिले आणि म्हणाले, तिन्ही औषधं वर्षाला आठशे डॉलरला देतो, सरकारांना सहाशेला. ज्या गरीब देशाला स्वतः बनवायचंय त्याला तंत्र फुकट देतो. आईकडून पोटातल्या पोराला रोग जाऊ नये म्हणून लागणारी नेविरापिन फुकट देतो. सभागृह थंड. कुणी पुढं आलं नाही. मग फेब्रुवारी २००१ मध्ये त्यांनी आकडा आणखी खाली आणला. 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' या संस्थेला वर्षाला साडेतीनशे डॉलर. म्हणजे दिवसाला एक डॉलरपेक्षा कमी. न्यूयॉर्क टाइम्सनं बातमी छापली आणि जगभर खळबळ उडाली. कारण आता सगळ्यांना कळलं की पंधरा हजारातले साडेचौदा हजार कशाचे होते.

मी इथं टाळी वाजवतो. खरंच वाजवतो. लाखो माणसं त्या आकड्यानं वाचली.

पण तुम्ही शहापुरात बसलाय, म्हणून एक डॉलर म्हणजे किती ते सांगतो. तेव्हा डॉलरला सेहेचाळीस-सत्तेचाळीस रुपये. रोजगार हमीच्या कामावर दिवसभर खडी फोडणाऱ्या बाईची मजुरी त्याच्या पुढं फारशी जात नव्हती. म्हणजे बाईनं दिवसभर खडी फोडायची, संध्याकाळी सगळी मजुरी नवऱ्याच्या गोळीला द्यायची, आणि चूल पेटवायची नाही. जगासाठी जी किंमत चमत्कार होती ती आमच्या बुद्धवाड्यात आख्खा रोज होती.

माझा मामा आग्रा रोडवर ट्रक चालवायचा. नाशिक, धुळे, इंदूर. दांडगा माणूस, आसनगावला गाडी लावून घरी यायचा तेव्हा आम्हा पोरांना खांद्यावर घ्यायचा. २००१ च्या थंडीत वाळायला लागला. एका सरकारी दवाखान्यात रक्त तपासलं. खाटेच्या पायाशी पुठ्ठ्यावर लाल शाईनं लिहून टांगलं. वॉर्डबॉय लांबून ताट सरकवायचा. ते आम्हाला नवीन नव्हतं. लांबून ताट सरकवणं आमच्या आज्यानं बघितलं होतं, पणज्यानं बघितलं होतं. पण खरं सांगायचं तर सगळं सांगायला लागेल. घरी आणल्यावर आमच्याच वाड्यातल्या माणसांनी त्याचा पेला वेगळा केला. आमच्याच! सार्वजनिक नळावर मामीनं हंडा लावला की बाया बाजूला सरायच्या. चवदार तळ्याची गाणी म्हणणाऱ्या बाया. मी तेव्हा डी.फार्म.ला होतो, पुस्तकात वाचलं होतं की पेल्यानं हा रोग पसरत नाही. घरात बोललो. चौकात बोललो नाही. हे कुठल्या कंपनीच्या खात्यावर टाकू?

डॉक्टरनं तीन औषधं लिहून दिली. तोवर तीनचार देशी कंपन्या ती बनवायला लागल्या होत्या. महिन्याला दीड हजाराच्या पुढं. मामीनं डोरलं विकलं, दोन शेरडं विकली. तीन महिने गोळ्या चालल्या आणि मामा उठून बसला. चौथ्या महिन्याला पैसे संपले. या औषधाचं असं असतं की मधेच सोडलं तर रोग शहाणा होतो, मग त्याच गोळ्या पुढं लागू पडत नाहीत. सहावीच्या पोराला समजेल अशी गोष्ट, पण मामीला समजावून काय उपयोग? तिला समजलं नव्हतं असं थोडंच होतं! तिच्याकडं तिसरं शेरडू नव्हतं. ऑगस्ट २००२ मध्ये मामा गेला.

एप्रिल २००४ ला सरकारनं ती औषधं फुकट द्यायला सुरुवात केली. पहिल्यांदा देशात आठ ठिकाणी, त्यात मुंबईचं जे.जे. होतं. कसारा लोकलनं सीएसटीच्या बाजूला तासा-दोन तासांचा रस्ता. मामा वीस महिने आधी गेला.

आता मला सांगा, या वीस महिन्यांचा हिशेब कुणाच्या नावावर? हमीदांच्या? नाही. त्यांनी १९९३ लाच सरकारच्या दारात माल नेऊन ठेवला होता. माझ्या मते हा आकडा दिल्लीच्या नावावर आहे. पण दिल्लीला जाग का आली नाही? कारण विचारणारं कुणी नव्हतं. आणि हेच मला दक्षिण आफ्रिकेबद्दल सांगायचंय. तिकडं १९९८ साली 'ट्रीटमेंट ॲक्शन कॅम्पेन' नावाची संघटना उभी राहिली. झॅकी अखमत हा तिचा पुढारी. स्वतः आजारी, पैसे जमवून औषध घेता आलं असतं. त्यानं जाहीर केलं, सरकारी दवाखान्यात सगळ्यांना मिळाल्याशिवाय मी गोळी घेणार नाही. स्वस्त औषध आणण्यासाठी मंडेलांच्या सरकारनं कायदा केला तर एकोणचाळीस औषध कंपन्यांनी त्या सरकारलाच कोर्टात खेचलं. संघटनेची माणसं 'एचआयव्ही पॉझिटिव्ह' असं मोठ्या अक्षरात छापलेले बनियन घालून रस्त्यावर उतरली. लपवायचं ते छातीवर लिहिलं. एप्रिल २००१ मध्ये कंपन्यांनी खटला मागं घेतला. हमीदांचा एक डॉलर या मोर्च्यांच्या पाठबळावर चालला. नुसता आकडा सभागृहात थंड पडला होता, ते मघाशी सांगितलंच. आमच्या वाड्यात मात्र पेला वेगळा करत होते.

बरं, आता वहीचं दुसरं पान. हे पान कौतुकाच्या लेखात शेवटच्या ओळीत असतं, नाहीतर नसतंच.

ज्या माणसानं आफ्रिकेला एक डॉलरला औषध दिलं, त्याच्याच कंपनीवर भारताच्या सरकारनं जादा भाव घेतल्याच्या नोटिसा काढल्या. १९९५ च्या भाव नियंत्रण आदेशात चौऱ्याहत्तर मूळ औषधं होती. बनवण्याच्या खर्चावर जास्तीत जास्त शंभर टक्के चढवा, पुढं नाही, असा नियम. सालब्युटामॉल, थिओफायलीन, सिप्रोफ्लॉक्सासिन, नॉरफ्लॉक्सासिन, डॉक्सीसायक्लिन, असल्या औषधांवरून भांडण लागलं. दम्याची, जुलाबाची, जखम चिघळल्याची औषधं. खडीमशीनवर, वीटभट्टीवर राबणाऱ्या माणसाची औषधं. मागणीची रक्कम व्याज धरून सतराशे कोटींच्या वर गेली. कंपनीचं म्हणणं असं की सरकारच्याच १९९४ च्या धोरणातल्या निकषांप्रमाणं ही औषधं यादीत यायलाच नको होती. भांडण हायकोर्टात, तिथून सुप्रीम कोर्टात, २००३ साली एक निकाल, २०१६ साली दुसरा, आणि प्रकरण परत मुंबई हायकोर्टात. तोवर हमीद निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती. कायद्यानं कोण बरोबर ते कोर्ट ठरवील. मी एवढंच म्हणतो, आफ्रिकेत पेटंटवाल्यांशी भांडताना जी भाषा वापरली ती इथं भावाच्या आदेशाशी भांडताना कुठं गेली? भाव नियंत्रण धंद्याला मारक आहे ही भाषा बहुराष्ट्रीय कंपन्यांची होती. ती हमीदांच्या तोंडी आली.

याचं उत्तर ते स्वतः देतील तसं मी देतो, कारण ते काही खोटं नाही. मी धर्मादाय संस्था चालवत नाही, धंदा करतो. मोठ्या नफ्यावर थोड्यांना विकण्यापेक्षा थोड्या नफ्यावर जास्तींना विकतो, असा त्यांचा रोख. पुण्यात वारज्याला कॅन्सरच्या शेवटच्या अवस्थेतल्या माणसांसाठी १९९७ पासून त्यांचं केंद्र आहे, तिथं पैसे घेत नाहीत. २०१२ साली कॅन्सरच्या काही औषधांचे भाव त्यांनी एका झटक्यात उतरवले. सोराफेनिब महिन्याला अठ्ठावीस हजाराचं होतं ते सात हजाराच्या आत आणलं. वा! पण जरा तारखा बघा. मार्चमध्ये सरकारनं नॅटको या हैदराबादच्या कंपनीला तेच औषध नऊ हजाराच्या आत विकायचा सक्तीचा परवाना दिला, मे मध्ये सिप्लानं भाव उतरवले. अठ्ठावीस हजारावरून सात हजारावर येऊनही परवडत असेल, तर आधीचे एकवीस हजार कशाचे होते? मघाशी हाच प्रश्न मी परदेशी कंपन्यांना विचारला तेव्हा तुम्ही टाळ्या वाजवल्या.

काउंटरवरची गोष्ट सांगतो. कंपनीचं नाव घेत नाही, सगळ्यांचंच थोड्याफार फरकानं असतं. दुकानाला तीन रुपयाला पडणारी सर्दीची पट्टी, वर छापील किंमत तीस. गिऱ्हाईक म्हणतं, जेनेरिक द्या, स्वस्त असतं. आपण तीस छापलेली पंचवीसला देतो आणि ते दुवा देऊन जातं. मधले बावीस कुणाचे? दुकानदाराचे. दहावर दोन फ्री, वीसवर प्रेशर कुकर, अशी स्कीम वेगळी. एमआर येतो, डॉक्टरला भेटतो, मग माझ्याकडं येऊन विचारतो, चिठ्ठ्या येतात का. २०१३ चा नवा भाव आदेश आला तो खर्चावर चालत नाही, बाजारातल्या भावांची सरासरी काढतो, वर दुकानदाराचे सोळा टक्के. म्हणजे चोरांच्या भावाची सरासरी काढून तिला सरकारी शिक्का. स्वस्त औषधाचा देश म्हणून आपण जगभर मिरवतो, पण कारखान्याच्या दारातला स्वस्तपणा मुरबाडच्या माणसापर्यंत पोचेस्तोवर वाटेतच सांडतो.

आणि कारखान्याच्या दाराचं निघालंच आहे तर विचारतो, आत आपली माणसं किती? हा प्रश्न एकट्या सिप्लाला नाही. पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स निघाली. सरकारी. पेनिसिलिन बनवायची. तिथं राखीव जागेतून आपली माणसं लागली, क्वार्टर मिळाल्या, पोरं शिकली. बाबासाहेबांनी १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये मांडलं होतं की मुख्य उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत. औषधापेक्षा मुख्य उद्योग कुठला? ती पिंपरी कंपनी आजारी पाडली. पगार थकले, २०१६ साली जमीन विकून देणी भागवायचा निर्णय झाला. खाजगी कारखान्यात आरक्षण नाही. तिथं आपली पोरं कंत्राटदारामार्फत पॅकिंगला आणि लोडिंगला. सरकारी प्रयोगशाळेनं रीत बसवायची, खाजगी कंपनीनं माल काढायचा आणि सरकारी कारखान्यानं मरायचं, असा हा सगळा डाव. हमीद या डावातले सगळ्यात हुशार आणि त्यातल्या त्यात माणुसकी असलेले खेळाडू होते. डाव मात्र तोच होता.

२००४ सालचं एक प्रकरण घाईत सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेनं सिप्लाची एड्सवरची दोन औषधं आपल्या यादीतून काढली. मूळ औषधाइतकाच गुण येतो का, ही चाचणी बाहेरच्या प्रयोगशाळेनं केली होती, तिच्या कामात खोट निघाली. वर्ष संपायच्या आत औषधं परत यादीत आली. परदेशी कंपन्यांनी तेवढ्यावरून ढोल बडवला. मला त्या भांडणापेक्षा दुसरं आठवतं. असल्या चाचण्या निरोगी माणसांच्या अंगावर करतात. रक्त देऊन दोन-चार दिवस तिथं झोपून पैसे घेणारी ती निरोगी माणसं कुठल्या वस्तीतून येतात, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आता ते गेल्यानंतरचं. १ एप्रिल २०१३ ला सुप्रीम कोर्टानं नोव्हार्टिस या स्विस कंपनीचा रक्ताच्या कॅन्सरच्या ग्लिव्हेकवरचा पेटंटचा दावा फेटाळला. विरुद्ध बाजूला कॅन्सर रुग्णांची संघटना होती, देशी कंपन्या होत्या, त्यात सिप्लाही होती. हमीदांच्या आयुष्यभराच्या भांडणाचा मोठा विजय. आणि त्याच महिन्यांत सिप्लाच्या खुर्चीवर नवा मुख्याधिकारी आला तो कुठून? नोव्हार्टिसमधून! यात गैर काही नाही म्हणतात, धंद्यात असं चालतं. चालत असेल. पुढच्या वर्षी, २०१४ ला, काविळीच्या सोफोसबुव्हिरसाठी अमेरिकेच्या गिलीडबरोबर सात देशी कंपन्यांनी करार केले, त्यात सिप्ला होती. कुठल्या देशाला विकायचं, कुठल्या नाही, हे गिलीडनं ठरवायचं. ज्यांच्याशी भांडायचं त्यांच्याशी भागीदारी. २०२० ला रेमडेसिविरचा परवानाही गिलीडचाच. एप्रिल २०२१ मध्ये त्या इंजेक्शनसाठी माझ्या काउंटरपुढं माणसं रडली. छापील किंमत चार हजार होती ती सरकारच्या सांगण्यावरून तीन हजार झाली. बाजारात किती झाली ते इथल्या बऱ्याच जणांनी भोगलंय. आणि त्या इंजेक्शननं मरण टळतं याचा भक्कम पुरावा जागतिक संघटनेच्या चाचणीत निघालाच नव्हता. लोक विचारायचे, खरं सांगा दादा, याचा उपयोग होतो का? चिठ्ठी डॉक्टरची असायची. मी काय बोलणार?

२०२४ ला निवडणूक रोख्यांची यादी कोर्टानं बाहेर काढायला लावली. त्यात औषध कंपन्यांची रांग होती. सिप्लाही होती.

एकानं मघाशी चिठ्ठी पाठवलीय, तिला उत्तर देऊन थांबतो, कारण मुरबाडची शेवटची यष्टी गाठायचीय आणि तुमची रेल्वे काही अजून आलेली नाही. चिठ्ठीत लिहिलंय, "मग आम्ही करायचं काय? औषधाचा कारखाना काढायचा काय?"

ज्यांच्यावरून आपल्या चळवळीनं नाव घेतलं ते अमेरिकेतले ब्लॅक पँथर बंदुकीच्या फोटोसाठी प्रसिद्ध आहेत. पण त्यांनी वस्त्यावस्त्यांत फुकट दवाखाने चालवले आणि १९७१ पासून सिकलसेलसाठी घरोघर रक्त तपासलं. काळ्यांचा रोग म्हणून सरकार बघत नव्हतं, म्हणून. तोच सिकलसेल इथं आपल्या आदिवासी भावांत आहे, विदर्भात आपल्या माणसांत आहे. त्यावर २०२३ साली अमेरिकेत नवा जनुकीय उपचार मंजूर झाला, किंमत बावीस लाख डॉलर. आणि हायड्रॉक्सियुरिया ही जुनी, पेटंट नसलेली, स्वस्त गोळी आहे. त्या गोळीसाठी कुठल्या हमीदाची वाट बघायची गरज नाही. या तालुक्यातल्या किती आरोग्य केंद्रांत ती आज कपाटात आहे, हे उद्या सकाळी जाऊन विचारता येतं. कपाट उघडायला लावा, साठ्याचं रजिस्टर मागा, तारीख टाकून लिहून घ्या. नसेल तर ते लिहून घ्या. पुढच्या महिन्यात मी येईन तेव्हा ती वही मला दाखवा. आणि जाताना ज्याच्या घरी असा आजारी माणूस आहे त्याच्या घरचं पाणी पिऊन या, त्याच्याच पेल्यानं.

चला, कंडक्टर ओळखीचा आहे, पण थांबणार नाही.